ताईच्या ऑटोवरचं ओलं पोतं

दाजी गेल्यावर ताईनं बॅटरीवरची ऑटो घेतली आणि लातुरात क्लासच्या पोरींची ने-आण सुरू केली. तिचं घर त्या ऑटोवरच चालायचं. उन्हाळ्यात ऑटो रुसायला लागली. सकाळी गुणी बाळ, दुपारी पोरी बसल्या की थरथरायची आणि जागची हलायची नाही. पोरींनी उतरून धक्का दिला की पळायची.

"तू मेकॅनिक हायेस ना रे? मग बघ की," ताई म्हणाली.

मेकॅनिक मी आहेच, पण किल्लारीकडं धावणाऱ्या जुन्या जीपगाड्यांचा. तरी तारा तपासायचा मीटर काढून ऐटीत बसलो. मोटारीच्या पोटात तीन बारके सेन्सर असतात. फिरता भाग कुठं आलाय हे ते मोटारीला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरला कळवतात. एक जरी मुका झाला, तरी कुठनं ढकलायचं हेच त्याला उमगत नाही. सकाळी चाक हातानं फिरवलं, तर सेन्सरच्या तिन्ही तारांवर आकडा वर-खाली होत होता. दुपारी फेरीवरून आलेली तापली मोटार तपासली, तर एका तारेवरचा आकडा हलेचना.

"सेन्सर तापून मरतोय," मी जाहीर केलं. निदान बरोबर होतं. माझ्या आयुष्यात असं क्वचितच होतं.

सेन्सर बदलायचा तर मोटार उघडायला हवी, आणि ती उघडणारा गावात कुणी नव्हता. जिथनं ऑटो घेतली, त्या दुकानात आता चपला मिळतात. तेव्हा मला जीपचे दिवस आठवले. उन्हात इंजिनाला पेट्रोल चढवणारा पंप तापून जीप अडली, की आम्ही त्यावर ओलं फडकं टाकायचो आणि ती चालायची. मी पाण्याच्या रांजणाला बांधलेलं पोतं सोडलं, चिंब भिजवून मोटारीला गुंडाळलं.

ऑटो भर दुपारी पळाली! ताईनं मला शिरा खाऊ घातला. बायको मात्र म्हणाली, "कूलर करून ठेवलाय तुम्ही ऑटोचा."

चार दिवस मी कॉलर ताठ करून हिंडलो. मग एका सकाळी, थंड हवेत, ऑटो नुसती थरथरली. मीटर लावला, तर तिन्ही तारा मुक्या. तारा जिथनं मोटारीत शिरतात, तिथनं पोत्याचं पाणी झिरपून आत गेलं होतं. धक्का देऊनही काही होईना.

तेवढ्यात एका पोरीच्या वडिलांचा फोन आला. "ताई, राग मानू नका. परीक्षा जवळ आलीय. पोरींना दुसरी ऑटो लावलीय."

"बरं केलंत," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

नवी मोटार कुठं मिळते का बघतो, असं मी पुटपुटलो. मिळणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं मोटारीवरचं पोतं सोडलं, पिळलं आणि माझ्या हातात दिलं.

"रांजणाला बांध जा. पाणी तरी गार राहील."

मी बांधलं. तेवढं मला नीट जमतं.