आत्याबाईंची उपनगरं

आमच्या शेजारच्या आत्याबाईंनी जितकी उपनगरं नापास केली, तितकी देशात दुसऱ्या कुणीही केली नसतील. लोक उपनगराची किंमत फ्लॅटच्या भावावरून ठरवतात, मेट्रो किती जवळ आहे यावरून ठरवतात. आत्याबाई एकच गोष्ट बघत: इथं भांडायचं झालं तर कुणाशी भांडायचं? वर्धा शहराला चिकटलेल्या आमच्या वस्तीत त्या एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आल्या होत्या. आमच्याकडे चार मजली इमारती झाल्या, जिम झाली, पण कारभार अजून ग्रामपंचायतीचाच. मुदत संपून कित्येक वर्षं लोटली तरी आत्याबाईंची सदस्यगिरी काही संपली नाही. दूध आणायला निघाल्या की प्रत्येक नालीत डोकावत जायच्या. नळाला गढूळ पाणी आलं की ग्लास भरून थेट सरपंचांच्या दारात जायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, प्या." त्या लांबून दिसल्या तरी लाइनमन गाडी वळवायचा. माझी तर त्यांना कायमची काळजी. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. चार माणसांत बोलायची वेळ आली की आधी मनात वाक्य जुळवते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. "एवढी फीस भरली तुया बापानं," त्या म्हणायच्या, "आन् तोंड उघडाले नाई शिकवलं का त्याईनं?"

त्यांचे यजमान, आमचे काका, वारल्यावर मुलं त्यांना आळीपाळीनं नेऊ लागली. पुण्याच्या उपनगरात मुलाकडे अकराव्या मजल्यावर राहताना त्यांनी पहिल्याच सकाळी वॉचमनला विचारलं, "इथचा सरपंच कोन?" त्यानं सोसायटीच्या चेअरमनचं दार दाखवलं. चेअरमननं लिफ्टबद्दल काय ते बोला म्हटलं. गेटबाहेरचा खड्डा त्याच्या हद्दीत येत नव्हता. महापालिकेची निवडणूक तेव्हा रखडलेली, त्यामुळे नगरसेवकही कुणी नव्हता. "एवढं मोठं शहर, आन् शिव्या खाले एकबी मानूस नाई!" आत्याबाई परत येऊन सांगत होत्या. नागपूरच्या रिंगरोडबाहेर मुलीचा प्लॉट, तिथली तऱ्हा निराळी. तो लेआउट शहरात की गावात, हेच कुणाला ठाऊक नाही. "इकडचे म्हनते तिकडं जा, तिकडचे म्हनते इकडं जा. बिनमायबापाचं लेकरू हाय ते." सगळ्यांत जास्त राग मात्र त्यांना ठाण्याकडच्या, धाकट्या मुलाच्या उपनगराचा. तिथं रस्त्यावरचा दिवा बंद होता, नातवानं मोबाइलवर तक्रार टाकली आणि दुसऱ्या संध्याकाळी दिवा लागला. मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की, आत्या." त्या उसळल्या. "चांगलं काय? कोन आला, कोनं लावला, काई दिसलं नाई. थँक्यू म्हनू त कोनाले?"

आमच्या वस्तीतला दिवा मात्र लागत नव्हता. बुद्धविहाराजवळच्या वळणावर खांब होता, दिवा होता, उजेड नव्हता. मी ऑफिसातून परतायचे त्या वेळेला ते वळण काळंकुट्ट असायचं, आणि मी तिथून श्वास रोखून चालायचे. घरी हे कधी बोलले नव्हते. आत्याबाई गावी असल्या की टॉर्च घेऊन त्या खांबाखाली उभ्या असत. माझ्यासाठी उभ्या आहेत असं त्यांनी कधी म्हटलं नाही. "दिवा पाहाले आलती," एवढंच.

मग त्यांचे गुडघे गेले आणि पुण्याच्या मुलानं कायमचं न्यायचं ठरवलं. आत्याबाईंनी एकच अट घातली: दर ग्रामसभेला मला आणून सोडायचं. त्यानं कबूल केलं, आणि त्याप्रमाणे आणलंही. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या होत्या. आत्याबाई सही करायला गेल्या, तर गावच्या मतदारयादीत त्यांचं नावच नव्हतं. मुलानं ते पुण्याला हलवलं होतं. त्यात वाईट हेतू काही नव्हता. आई आता तिकडेच राहणार, कागदपत्रं एका ठिकाणी असलेली बरी, एवढाच त्याचा हिशेब. तिकडे नाव लागलं की इथलं जातं आणि नावाबरोबर बोलणंही जातं, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"बोलू द्या न जी आत्याले," मागून कुणी म्हणालं. सरपंचही हसून म्हणाले, "बोला, आत्याबाई, तुम्हाले कोन अडवते?"

"नाई," आत्याबाई म्हणाल्या. "मी सदस्य होती तवा भायेरच्या मानसाले याच नियमानं बसवलं होतं." आणि त्या बसल्या. त्यांना सभेत गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत, सोडत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी कोपरानं मला ढोसलं. "तुयं नाव हाय न यादीत?"

मी उभी राहिले. जुळवलेलं वाक्य विसरले. "विहाराजवळचा दिवा बंद आहे," म्हणाले. कुणीतरी ओरडलं, "आयकू नाई येत!"

"कॉन्व्हेंटची हाय ते," आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "दुसऱ्यांदा जोरानं बोलते."

दुसऱ्यांदा मी जोरानं बोलले. म्हटलं, "मला तिथून येताना भीती वाटते." सरपंचांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. आत्याबाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्या दुपारीच मुलगा त्यांना घेऊन गेला. किल्ली आमच्याकडे ठेवली. त्यानंतर दर रविवारी फोन यायचा, आणि हॅलोच्या आधी प्रश्न: "लागला का?" मी नाही म्हटलं की त्या कुणाला भेटायचं, काय बोलायचं ते सांगायच्या, माझ्यावर चिडायच्या, आवाज अगदी पहिल्यासारखा व्हायचा.

गेल्या आठवड्यात दिवा लागला. खांबाखाली पांढरा उजेड पडतो आता, आणि तिथं कुणीही उभं नसतं. रविवारी मी सांगितलं, "लागला, आत्या. लाइनमन स्वतः आला होता. मी त्याला थँक्यू म्हटलं."

"तू म्हनलं?" त्या हसल्या. पलीकडे लिफ्टची घंटी वाजली. "बरं झालं मा," त्या हळूच म्हणाल्या. "मंग आता तुले काय इचारू?"

"थांबा, आत्या, फोन ठेवू नका," मी म्हटलं, आणि गॅलरीत जाऊन रस्त्यावर आणखी काही बिघडलेलं दिसतंय का, ते शोधू लागले.