नकाशात धरलेली जागा

ढोकीपासून जेरुसलेम चार बोटांवर आहे, असं ठामपणे सांगणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली, आणि ती ढोकीच्या शाळेत मला इंग्रजी शिकवत होती. आमच्या बाईंच्या नकाशात ते अंतर खरोखर तेवढंच होतं. भूगोलाच्या सरांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा पुसून विचारलं, "बाई, मधला अरबी समुद्र कुठं गेला?" बाई म्हणाल्या, "आटवला. भिंतीवर जागा नव्हती."

बाई बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तिथं तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस. बाई शनिवारी शाळेत यायच्या, तोंडानं शिकवायच्या, पण खडूला हात लावायच्या नाहीत. दोन अक्षरं लिहिली तरी ते काम झालं, असं त्यांचं म्हणणं. मस्टरवरची शनिवारची सही त्या शुक्रवारीच करून टाकायच्या. हेडसर एकदा वैतागून म्हणाले, "आणि उद्या आलाच नाहीत तर?" "तर मी मेले समजा, आणि सोमवारी खोडा." शाळेच्या शिपाईमामांनी या सगळ्यावरून एवढंच ताडलं, की बाईंना साडेसाती आहे. एका शनिवारी ते मारुतीपुढची रुईच्या पानांची माळ आणि वाटीभर तेल घेऊन आले. "बाई, शनि लई कडक हाय का वो तुमचा?" बाईंनी वाटी नाकाजवळ नेली. "मामा, तेल भेसळीचं आहे. माझ्या पणजोबांनी असलं गाळलं नसतं." माळ मात्र त्यांनी दिवसभर टेबलावर ठेवली.

एरवी शाळा सुटली की बाई नकाशा लिहायच्या. काढायच्या नाहीत, लिहायच्या. दुरून पाहिलं तर साधी रेघ. नाक टेकवलं तर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. अक्षरांनीच चित्र काढायची त्यांच्या धर्मात जुनी रीत आहे. कोकणचा किनारा आणि तेरणा नदी त्यांनी प्रार्थनांनी वाहती केली होती. गावांभोवतीच्या रेघांना मात्र त्या त्या गावच्या माणसाचंच वाक्य लागायचं, त्यामुळं बाईंसमोर बेतानं बोलावं लागे. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारातला एक भांडीवाला वर्षभर भांडत होता, "आमच्या अख्ख्या गावाला 'सुट्टे द्या' एवढंच?" भूकंपात पडलेल्या सास्तूरचा एक माणूस म्हणाला, "कोणतं लिवता? भूकंपाआधीचं का नंतरचं?" बाईंनी दोन्ही लिहिली, जुनं फिक्या शाईत. माझे वडील साखर कारखान्यात मजूर. पोराच्या तक्रारीसाठी बोलावलंय असं समजून ते घाबरत आले आणि म्हणाले, "बाई, ह्याला शिकवा, न्हायतर माझ्यावानी मोळ्या उचलंल." ढोकीच्या चौफेर ते वाक्य आजही फिरतंय. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या रेघेतून बाहेर पडूनच.

ढोकी आणि जेरुसलेमच्या मधे तुरीच्या दाण्याएवढी एक जागा कोरी होती. ती बाईंच्या स्वतःच्या गावासाठी. पण गाव कुठलं, हेच ठरत नव्हतं. आडनावातलं कोकणातलं गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. वडील रेल्वेत, म्हणून बालपण स्टेशनागणिक बदललेलं. जेरुसलेमकडं तोंड करून जन्मभर प्रार्थना केली, पण तिथला एक रस्ता माहीत नाही. "बाई, तुमचं गाव कुठलं?" असं विचारलं की म्हणायच्या, "शाई वाळू दे."

निवृत्तीनंतर गुडघे गेले, एकटीनं राहणं जमेना, आणि इस्राएलमधला भाचा त्यांना न्यायला आला. शनिवारी प्रवास करायचा नाही, म्हणून एक दिवस जास्तीचा मिळाला. जुने विद्यार्थी जमले. सगळ्यांना एकच लागून राहिलं होतं, की बाई त्या कोऱ्या जागेत काय लिहिणार? शिपाईमामा म्हणाले, "ढोकीच लिवा की वो आनिक येकदा. सास्तूर न्हाय का दोनदा?" "मामा, आज शनिवार." आभाळात तीन चांदण्या दिसल्या की त्यांचा शनिवार संपतो. आम्ही सगळे अंगणात माना वर करून उभे. चांदण्या आल्या. मामांनी टाक पुढं केला. बाईंनी तो शाईत बुडवला, कागदापर्यंत नेला, तसाच धरून राहिल्या आणि परत ठेवला.

"मावशी, दिसत नाही का?" भाच्यानं विचारलं.

"दिसतंय रे." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "एसटीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकतोस ना? तसंच समज. मी येईपर्यंत तिथं कुणाला बसू देऊ नकोस." आणि नकाशा माझ्या हातात दिला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. नकाशा माझ्या घरी आहे. आधी दर रविवारी बाईंचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "माझ्या जागेवर कुणी बसलं नाही ना?" अलीकडं फोन भाचा लावून देतो. मला माझं नाव सांगावं लागतं, वर्ग सांगावा लागतो, शेवटी वडिलांचं ते मोळ्यांचं वाक्य म्हणून दाखवावं लागतं. तेव्हा कुठं पलीकडून येतं, "हां, ढोकी." आणि मग, "जागा आहे का रे?"

"हाय बाई," मी मोठ्यानं सांगतो, "रुमाल हाय."