गुड फ्रायडेची बोट

वायसन कालीमाच्या सायकलला आता रस्ता दाखवावा लागत नव्हता. बाजारातून निघाली की ती आपसूक गस्त खात्याच्या फाटकाशी जाऊन थांबायची. तळ्यावरच्या मासेमारीवर लक्ष ठेवायचं, बारीक जाळी पकडायची, होड्यांचे परवाने तपासायचे, हे त्या खात्याचं काम. आणि त्या खात्याकडे एक कागद मागायचा, हे वायसनचं काम. कित्येक पावसाळे दोघंही आपापलं काम चिवटपणे करत होते.

वायसन दूरच्या ब्लांटायर शहरातल्या एका वर्तमानपत्राचा जिल्हा वार्ताहर होता. म्हणजे नाव मोठं आणि सायकल जुनी. आधी तो शाळेत शिकवायचा. मुलांना निबंध लिहायला लावता लावता स्वतःलाच लिहायची खोड लागली. फुटबॉलचे निकाल, नव्या मुखियाची गादी, मगरीने ओढून नेलेली बकरी, वाहून गेलेला पूल, अशा बातम्या पाठवत त्याचे केस पांढरे झाले. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. साहेब लोक त्याला चहा पाजत. गस्त खात्याचा चहा बंद झाला तो लफोर्ड नावाच्या कोळ्याच्या मरणानंतर.

लफोर्ड गुड फ्रायडेच्या पहाटे आदल्या दिवशी टाकलेली जाळी ओढायला गेला. परत आला तो लाटांवरून, पालथा. त्याची होडी मधोमध फुटलेली सापडली. काठावरच्या कितीतरी जणांनी त्या पहाटे मोटरबोटीचा आवाज ऐकला होता. खात्याने सांगितलं, आमची बोट त्या आठवड्यात दुरुस्तीला वर काढलेली होती. हा गडी दारू पिऊन पाण्यात पडला. झालं. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी ते खरं मानलं. दारूपायी मेलेल्यासाठी आमच्याकडे घंटा वाजत नाही, आणि गिल्डच्या, म्हणजे चर्चच्या महिला मंडळाच्या, बायका पांढरे रुमाल बांधून गायला येत नाहीत. लफोर्डला स्मशानाच्या पार कडेला, उरकल्यासारखं पुरलं. त्याची बायको दोरिका स्वतः गिल्डमधली. तिने एकटीने गाणं धरलं, ते दुसऱ्याच ओळीला तुटलं.

महिन्याभराने ती वायसनच्या अंगणात येऊन बसली.

"बाम्बो, मला भरपाई-बिरपाई काही नको. तो प्यायलेला नव्हता. चर्चला घालायचा शर्ट धुऊन दोरीवर टाकून गेला होता तो. पिणारा माणूस शर्ट धुतो होय? बोट बाहेर होती, एवढं त्यांच्या तोंडून काढा."

"काढतो, मायी," वायसन म्हणाला. आपण काय कबूल करतोय ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

सरकारी नोंदी कुणालाही मागता येतात, असा कायदा आहे. वायसनने बोटीच्या फेऱ्यांची नोंद मागितली. खिडकीमागे नामाले बाई बसायच्या. रुंद बांध्याच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्याच गिल्डच्या प्रमुख. आधी म्हणाल्या, साहेब दौऱ्यावर आहेत. मग शिक्का सापडत नव्हता. मग अर्ज वरच्या कार्यालयात गेला, तिथून आणखी वर गेला, आणि एवढ्या वर गेलेली वस्तू खाली येते थोडीच! शेवटी उत्तर आलं: अशी नोंद उपलब्ध नाही. वायसनने अपील केलं. उत्तर तेच, फक्त सही वेगळी.

"काय बाम्बो, आज पुन्हा?" नामाले बाई विचारायच्या.

"तुमची आठवण आली, मायी."

"बायकोला सांगू का?"

"तीच म्हणाली, जा एकदाचा तिच्याकडेच राहायला."

बाई हसायच्या आणि कागद परत सरकवायच्या. ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. वायसन हात हलवत सायकलीकडे परतायचा. गुडघा दुखायचा. संपादक फोनवर म्हणायचा, "कालीमा, कागद असेल तर पाठव, नाहीतर मगरीची बातमी दे." बाजारात दोरिका उसिपा मासळी वाळवताना दिसली की तो दुसऱ्या गल्लीने जाऊ लागला. खरं सांगायचं तर त्याला आता नुसतं झोपायचं होतं. सत्य-बित्य राहू दे बाजूला.

अशात बिलियात गेला. गस्तीची बोट चालवणारा बिलियात. कावीळ झाली आणि पंधरवड्यात आटोपला.

मयताला सगळं गाव गेलं. न जाऊन कसं चालेल? जो जात नाही त्याच्या दारी उद्या कोण येणार? दोरिकासुद्धा गेली. ती बोट कुणाच्या हातात असायची हे तिला माहीत होतं, तरी इतर बायकांबरोबर चुलीपाशी उभी राहून ती मोठ्या हंड्यातली मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळत होती. वायसन आंब्याखाली पुरुषांच्यात बसला. नामाले बाई पांढरा रुमाल बांधून गिल्डच्या पुढे बसल्या होत्या.

मयताला माणसाचं आयुष्य वाचून दाखवायची आमची रीत. जन्म कुठला, शाळा कुठली, आजार कसा झाला, आणि मग नोकरीतल्या साहेबाने उठून दोन चांगले शब्द बोलायचे. साहेब आखडतं बोलला तर लोक म्हणतात, जन्मभर राबवून घेतलं आणि मातीला निघाला तर जीभ उचलेना. म्हणून साहेब लोक तिथे जीभ सैल सोडून बोलतात. खात्याचे मुसोपोले साहेब कोट घालून उठले. कागद वाचून दाखवला. लोक "हूं, हूं" करत होते. त्या हुंकारांनी साहेबांना चेव आला. त्यांनी कागद खाली केला.

"हा माणूस कसा होता सांगू? कामाला कधी नाही म्हटलं नाही! तुम्ही आम्ही गुड फ्रायडेला अजून अंथरुणात होतो. हा पहाटे माझ्या दारात. म्हणाला, साहेब, आज सगळे चर्चला जाणार, चोरटी जाळी टाकणाऱ्यांना वाटेल आज मोकळं रान आहे. मी बोट काढतो. आणि एकटा गेला! ज्या वर्षी ती होडी... त्या वर्षी..."

साहेब थांबले. कुणीच "हूं" केलं नाही. चुलीपाशी दोरिकाच्या हातातला पळा हंड्यात तसाच उभा राहिला. न्सिमा खाली लागल्याचा वास येऊ लागला, तरी कुणी तिला हटकलं नाही.

"...चांगला माणूस होता," साहेब पुटपुटले आणि खुर्ची चाचपडत बसले.

वायसनच्या खिशात पेन होतं. मयतात पेन काढणारा माणूस माणसात जमा नाही. त्याने हात मांडीखाली दाबून धरला. समोर बिलियातची बायको जमिनीकडे बघत बसली होती. तिच्याकडे बघून त्याला वाटलं, हे वाक्य मला आज, असं नको होतं.

बिलियातला माती दिली. लोक परतायला लागले. गिल्डच्या बायका रांगेने निघाल्या आणि स्मशानाच्या फाटकाशी नामाले बाई थबकल्या. त्या उलट वळल्या, कडेच्या त्या गवत माजलेल्या ढिगापर्यंत गेल्या, आणि त्यांनी गाणं धरलं. मागच्या बायकांनी उचललं. दोरिका धावत आली, तिच्या हाताला पीठ होतं. लफोर्डचं राहिलेलं गाणं त्यांनी सगळ्याच्या सगळ्या कडव्यांसह म्हटलं. वायसन टोपी काढून लांब उभा होता आणि रडत होता. म्हाताऱ्याला रडायला लाज वाटली नाही.

त्याला वाटलं, सुटलो. संध्याकाळी तो दोरिकाला म्हणाला, "मायी, आता सगळ्या गावाला कळलं."

"कळलं. पण त्यांच्या कागदावर तो अजून दारुडाच आहे." दोरिकाने विचारलं, "सोमवारी जाणार ना?"

वायसनने नवा अर्ज लिहिला. साहेबांनी मयताला केलेल्या भाषणाची खात्यातली प्रत मिळावी. साहेब भाषण झालंच नाही म्हणतील हे तो आता ओळखून होता, म्हणून खाली लिहिलं: भाषण ऐकणाऱ्यांची नावं. आणि सह्या घ्यायला गावभर फिरला. आंब्याखाली शेजारी बसलेला म्हणाला, मला कमी ऐकू येतं, बाम्बो. एकाच्या होडीचा परवाना संपत आलेला होता. चर्चचे वडीलधारे म्हणाले, आम्ही तेव्हा मनात प्रार्थना करत होतो. गाताना सगळ्यांचे गळे उघडले होते. पेन पुढे केलं की सगळे मूग गिळून बसले. वार्ताहराचं नाव चालणार नव्हतं, तो अर्जदार. उरली एकटी दोरिका. तिने अंगठा न लावता सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

सोमवारी खिडकीवर गर्दी होती. परवान्यांचे दिवस. वायसनने अर्ज सरकवला. आज त्याला थट्टाही सुचली नाही.

नामाले बाईंनी चष्मा वर केला आणि अर्ज वाचला. खालच्या एकट्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"एवढीच?" त्यांनी विचारलं.

"एवढीच, मायी."

"अख्खं गाव होतं की तिथे."

"होतं."

आतल्या खोलीत मुसोपोले साहेबांच्या खोकल्याचा आवाज आला. बाईंनी मान वळवून त्या दाराकडे पाहिलं. मग खिडकीला दोरीने बांधलेलं पेन ओढून घेतलं, दोरिकाच्या नावाखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि वर शिक्का मारला. शिक्का पहिल्याच झटक्याला सापडला होता.

वायसन खिडकीशी वाकला. "मायी... तुमची नोकरी..."

"मागे रांग आहे, बाम्बो," नामाले बाई म्हणाल्या. "पुढे सरका."