आबांची चप्पल

काल लेकाच्या रबरी चपलेचा पट्टा तुटला. ती कचऱ्याच्या डब्यात टाकताना हाताला रबराचा वास लागला आणि हिंजवडीच्या आठव्या मजल्यावर मला मुळशीचं पाणी दिसलं.

आमच्याकडे जाळं तरंगतं राहावं म्हणून त्याला जुन्या चपलांचे तुकडे बांधायचे. कुणाचं जाळं कुठलं, ते तुकड्यांच्या रंगावरून कळायचं. दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि पोरानं एकट्यानं पहिला मोठा मासा आणला, की बाप त्याला वेगळं जाळं द्यायचा.

माझा जोडीदार दत्तू, त्याला सोळाव्या वर्षी जाळं मिळालं. मला मिळेना. एका सकाळी मी त्याच्याच जाळ्यातला कटला सोडवला आणि घरी येऊन म्हणालो, "आबा, गळाला लागला!"

आबा मासा साफ करायला बसले. मग पायातली चप्पल काढून तिचे कोयत्यानं तुकडे केले आणि नव्या जाळ्याला बांधू लागले.

"आता तुजं येगळं जाळं हाय. दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावू नगंस."

मी हरखून मान हलवली. आबा पुढं कितीतरी दिवस अनवाणी फिरले.

दत्तूला मी अजून सांगितलेलं नाही. आबांना मात्र आपण फसवलं, असंच मला वाटत होतं. ते गेल्यावर कधीतरी ध्यानात आलं, की गळाला लागलेल्या माशाच्या जबड्यात भोक असतं. आणि तो मासा त्यांनी स्वतःच्या हातानं साफ केला होता.