आमचं देवक
तासलेल्या बाभळीचा वास आला की मला माझं मोडलेलं लग्न आठवतं. आमचे लोक घाटावरून पनवेलला आले आणि बैलगाड्यांची चाकं करायला लागले. येताना खोपोलीच्या धर्मशाळेत, पटकीनं आईबाप गेलेलं एक पोर त्यांनी उचललं आणि आपलं म्हणून वाढवलं. तेच माझे आजोबा. स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील, माझं लग्न ठरलं आणि मुलाच्या वडिलांनी अडवलं. "आजा मूळचा कुणाचा ते कळवा, मग पुढचं." माझे वडील खोपोलीत चार दिवस विचारत फिरले. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, तवा लय मानसं मेली. कोनाचं पोर ते कोन सांगनार?" पाहुणे पुन्हा आमच्या घरी आले, तेव्हा वडिलांनी खालमानेनं हेच सांगितलं. मुलाचे वडील हसले. "मग मांडवात पुजायला कुळाचं देवक काय आणणार? धर्मशाळेचा दगड?" मी पाणी द्यायला आले होते. तांब्या खाली ठेवला, पडवीतून आजोबांचा लाकूड तासायचा वासला आणला आणि त्यांच्यापुढे आपटला. "हे आमचं देवक. तुम्ही ज्या गाडीतून आलात तिची चाकं ह्यानंच तासलीत." वडील ओरडले, "आत जा!" मी गेले नाही. पाहुणे उठून गेले. मुलगा देखणा होता, वाईट वाटलं. पुढच्या वर्षी दुसरीकडे लग्न झालं, तेव्हा मांडवात वासलाच पुजला. आता माझा नातू माझ्या आजोबांचं मूळ शोधायला निघालाय. खुशाल शोध म्हटलं, पण कुणी सापडलंच तर सांग त्यांना, पोर आम्ही परत देणार नाही.