तारीखबाईंचा जिना

बांधकाम परवानगीच्या कचेरीत माझ्या ताईला सगळे तारीखबाई म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. चौकशीच्या खिडकीत ती बावीस वर्षं बसली. घर बांधायला निघालेला माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन समोर आला, की पहिला तोफखाना ठरलेला. "गवंडी म्हणाला म्हणून शेजाऱ्याच्या भिंतीकडे खिडकी काढताय? उद्या नोटीस आली तर गवंडी येणार आहे का तुमच्याबरोबर?" मग आवाज उतरवून नीट समजावायची. नियमांचं पुस्तक दुसऱ्या मजल्यावरच्या वाचनखोलीत फुकट बघायला मिळतं. नियम बदलले की दुरुस्तीची पत्रकं तिथल्याच फलकावर लागतात. संगणकावरही सगळं आहे. "पण काहीही वाचा, आधी वरची तारीख बघा. जुनं वाचून बांधलंत, तर माझ्याकडे रडत येऊ नका."

लोक चरफडत जात आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याच खिडकीशी उभे राहत.

मी तिची धाकटी बहीण. कपडे शिवते. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यातल्या एका खोलीत माझं मशीन आणि कापडाचे ढीग आल्यावर आई-बाबांना पाय पसरायला जागा उरली नाही. म्हणून ताईनं वर एक खोली बांधायचं ठरवलं. बाबांना सकाळी उन्हात बसून पेपर वाचायचा होता, एवढीच त्यांची फर्माईश. ताईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन संध्याकाळींत नकाशा काढला. मी म्हटलं, "पुस्तक नको का बघायला?" तर म्हणाली, "मला तोंडपाठ आहे गं."

जिना तिनं अडीच फूट रुंद ठेवला आणि वळणावर तिरक्या पायऱ्या काढल्या, म्हणजे खोली तेवढीच मोठी झाली आणि बाबांची आरामखुर्ची खिडकीशी बसली. नियम तसाच होता, म्हणजे नकाशा काढायच्या वर्षभर आधीपर्यंत होता. बाबांच्या मोतीबिंदूसाठी ताई पंधरा दिवस रजेवर होती, तेव्हा दुरुस्ती आली: जिना निदान तीन फूट, आणि वळणावर सपाट जागा. पत्रक फलकावर लागलं, त्यावर दुसरी पत्रकं लागली. ताई रोज माणसांना त्या फलकाकडे पाठवत राहिली. स्वतः मात्र कधी वर गेली नाही. नकाशा तपासणाऱ्या साहेबांनी तर उघडूनही पाहिला नाही. "तारीखबाईंचा आहे ना? मग त्यात काय बघायचं," म्हणून सही ठोकली.

चार वर्षं बाबा त्या खोलीत सुखात राहिले. मग एका सकाळी अकराच्या सुमारास छातीत कळ आली आणि ते खुर्चीतच कलंडले. रुग्णवाहिका दहा मिनिटांत दारात होती. दोघं जण स्ट्रेचर घेऊन धडाधडा वर गेले, बाबांना त्यावर बांधलं आणि वळणावर अडकले. स्ट्रेचर तिरकं केलं, उभं केलं, कठड्यावरून काढायला बघितलं. परत वर नेलं. चादरीत घालून आणावं, तर दोन माणसं शेजारी शेजारी मावेनात. शेवटी स्वयंपाकघरातली खुर्ची वर नेली आणि बाबांना तिला बांधून एकेक पायरी खाली आणलं. ताई खाली उभी राहून नुसती "हळू, हळू" म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर. ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. मी स्वतःला अजून तेच सांगते.

बाबा गेल्यावर पंधरा दिवसांनी ताई कामावर गेली आणि त्या दिवशी पहिल्यांदा फलकापाशी जाऊन वरची पत्रकं उचलून बघितली. घरी आली ती एका पानाची प्रत घेऊनच. चप्पलही न काढता आईसमोर बसली.

"आई, जिना मी चुकीचा काढला. हे बघ, तारीख बघ. आपण बांधायच्या आधीची आहे. मी वाचलंच नव्हतं. बाबा माझ्यामुळे गेले."

मी शिवण सोडून दारात येऊन उभी राहिले. आईनं कागद हातात घेतला नाही.

"त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "कपाट वर जाईना, सुटं करून न्यावं लागलं, त्याच दिवशी मला म्हणाले, जिना फार अरुंद झालाय गं. उद्या कोणाला उचलून आणायची वेळ आली तर पंचाईत होईल. मी म्हटलं, सांगते तिला. तर माझा हात धरला. म्हणाले, अजिबात नको. किती हौसेनं काढलाय पोरीनं. मनाला लावून घेईल."

ताईनं तो कागद परत आपल्याकडे ओढला.

"तू तोडून परत बांधला असतास," आई म्हणाली. "एका दिवसाचाही उशीर केला नसतास. मला माहीत होतं ते. तरी मी चार वर्षं गप्प बसले." आणि इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी आई ताईचे पाय धरायला खाली वाकली.