एका गाठीला कोळसा किती?

मोजमापाच्या नोकरीत किस्से फार साठतात. मंडळी म्हणतात, सांगा ना! मी सांगतो, तेही हसतात. शेवटच्या किश्श्याला मात्र मी हसत नाही.

साठ सालाच्या आसपास नेरजवळच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी नवा लागलो होतो. काम एकच. रुईची एक गाठ बांधायला बॉयलर किती कोळसा खातो, ते मोजायचं. मॅनेजरसाहेबांनी तक्ता आखून दिला: तारीख, पाळी, कोळसा, गाठी. चार रकाने, बस्स!

*

पहिल्या दिवशी मी कोळसा तोलला तो कापसाच्या काट्यावर! पुढचा कापूस त्याच काट्यावर चढला आणि काळा होऊन उतरला. काटेवाला ओरडला, "बाबू, कापूस काहून रंगवून राह्यले?"

महिनाभर सगळे मला 'रंगारी' म्हणत.

*

पहिल्या पाळीचे फायरमन महबूबचाचा. वाफेच्या दाबाचा काटा ते बघायचेच नाहीत. इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचे, "साठ हाय." मी धावत जाऊन बघायचो, साठच!

एकदा काट्यावर सत्तर दिसत होते, चाचा साठच म्हणत होते. मी हसलो. फिटरनं खोलून पाहिलं, तर काटाच बिघडलेला! चाचा एवढंच म्हणाले, "बाबू, लोखंडाले बी कान द्या लागते."

*

दुसऱ्या पाळीला तांड्यावरचा रामा राठोड. भारी मायाळू माणूस. एकदा भाकर खाता खाता विचारतो, "बाबू, कोळसा कमी लागला तं तुमचं चांगलं होईन ना?"

"होईल की!" मी सहज बोलून गेलो.

पुढच्या आठवड्यापासून रामाचा कोळसा रोज कमी! साहेबांनी माझी पाठ थोपटली, तक्ता ऑफिसात लावला.

*

एकदा मी रामाच्या पाळीला अचानक बॉयलरपाशी गेलो. बघतो तर त्याची बायको डोक्यावरून पऱ्हाट्यांचा भारा उतरवतेय! कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली ती वाळकी झाडं रामा भट्टीत सारत होता.

"अरे, हे काय?"

"तुमच्यासाठीच तं! घरच्या वावरातल्या हायेत."

आज साहेबांना सांगू, उद्या सांगू, करत आठवडा घालवला. कौतुक गोड लागत होतं, खोटं कशाला बोलू! आजही स्वतःची लाज वाटते.

*

तेवढ्यात कापसाची आवक ओसरली, एक पाळी बंद करायची ठरली. साहेबांनी तक्ता पाहिला आणि जास्त कोळसा खाणारा फायरमन काढला. महबूबचाचा!

रामाला कळलं तसा तो दोन भारे घेऊन ऑफिसात आला आणि त्यानं ते साहेबांसमोर आदळले.

"साहेब, हे बी मोजा! म्या हे जाळलं, म्हणून माहा कोळसा कमी. चाचाले कायले काढता?"

चाचा दारात उभे होते, हातात जेवणाचा डबा. साहेबांनी भाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय हो, तुमच्या तक्त्यात पऱ्हाटीचा रकाना आहे?"

चाचाही माझ्याकडेच बघत होते.

"नाही साहेब," मी म्हणालो. पाळी चाचांचीच बंद झाली.